'मरून' लोकांशी झालेला तह: एका शब्दाच्या भाषांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण किशोरवयीन मुलांसाठीच्या एका मराठी पुस्तकाचं आहे. माणसांची, गावाची, प्रकाशनाची नावं काढून टाकलीयेत, बाकी जे घडलं ते तसंच ठेवलंय. पुस्तक मूळ इंग्रजी, विषय जुन्या काळातले समुद्रप्रवास आणि बेटांवर एकटी राहिलेली माणसं. भाषांतर करणाऱ्या ताई कोकणातल्या एका शाळेत शिकवतात, त्यांची भाषा इतकी छान आहे की पहिली दोन प्रकरणं वाचताना भाषांतर वाचतोय असं वाटतच नाही. संपादक सर पुण्यात, चित्रकार मुंबईत, आणि माझ्याकडे भाषा आणि तथ्य तपासायचं काम. सगळं काम शेअर केलेल्या डॉकमध्ये आणि एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालायचं.

पुस्तकात चार मोठी प्रकरणं अशी होती की जिथे 'मरून्ड' (आज रूढ अर्थ निर्जन बेटावर एकटा सोडलेला, अडकलेला) हा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा येतो. एक स्कॉटलंडचा खलाशी अलेक्झांडर सेलकर्क, जो १७०४ मध्ये चिलीच्या पश्चिमेला पॅसिफिकमधल्या हुआन फर्नांदेझ बेटांवर राहिला तो. दुसरं फर्नांव लोपेश नावाच्या पोर्तुगीज शिपायाचं, ज्याची सुरुवात आपल्या गोव्यात होते. तिसरं समुद्री चाच्यांच्या कायदेकानूंचं. आणि चौथं जमैकाचं, म्हणजे मळ्यांवरच्या गुलामगिरीतून पळून डोंगरात राहिलेल्या आणि शेवटी इंग्रजांना तह करायला लावणाऱ्या लोकांचं. त्या लोकांचं इंग्रजी नावच 'मरून्स' आहे. सगळा घोळ इथून सुरू झाला.

घोळ कुठे झाला

जमैकाच्या प्रकरणात ड्राफ्टमध्ये एक वाक्य होतं: "अखेर १७३९ मध्ये इंग्रजांनी बेटावर अडकलेल्या लोकांशी तह केला." मी वाचताना थांबले. अडकलेल्या लोकांशी कोण कशाला तह करेल? अडकलेल्याला होडी पाठवतात, तह करतात तो तुमच्याशी लढून तुम्हाला दमवणाऱ्याशी. मागेपुढे वाचलं तर पूर्ण प्रकरणात ही माणसं 'अडकलेली', 'एकाकी पडलेली', एका ठिकाणी तर 'सुटकेची वाट पाहणारी' झाली होती. आणि तीच माणसं पुढच्या परिच्छेदात इंग्रज सैन्यावर दबा धरून हल्ले करतायत, त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला काहीच कळलं नसतं.

ताईंचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनी पहिल्या प्रकरणात सेलकर्कसाठी 'बेटावर अडकलेला' हा शब्द ठरवला होता आणि एकच इंग्रजी शब्द आला की एकच मराठी शब्द वापरायचा हा नियम आम्हाला प्रकाशनाकडूनच आला होता. शिवाय प्रकरणं ठरावीक तारखांना तुकड्यातुकड्याने येत होती, जमैकाचं सगळ्यात शेवटी आलं.

दुसरी गोष्ट चित्राची. चित्रकाराने ड्राफ्टवरून जमैकाच्या प्रकरणाचं चित्र काढून पाठवलं होतं, त्यात वाळूचा छोटासा ढिगारा, एक वाकडा माड आणि लांबून जाणाऱ्या जहाजाकडे हात हलवणारा फाटक्या कपड्यातला माणूस. आता जमैका म्हणजे ब्लू माउंटन्सचे सात हजार फुटांवर जाणारे डोंगर, पश्चिमेकडे कॉकपिट कंट्री नावाचा चुनखडीच्या खळग्यांचा आणि दाट झाडीचा प्रदेश. त्या लोकांचं सगळं बळ त्या डोंगरात होतं, आणि आमच्या चित्रात त्यांना किनाऱ्यावर आणून मदत मागायला उभं केलं होतं.

तिसरी गोष्ट शब्दाच्या उगमाची. प्रकरणाच्या शेवटी 'हा शब्द आला कुठून' अशी चौकट होती आणि त्यात सरांनी कुठूनतरी वाचून भर घातली होती की हे लोक सावळे-तपकिरी म्हणून त्यांना मरून म्हणायला लागले, मरून रंगासारखे. मला या वाक्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. एका लढलेल्या समाजाचं नाव त्यांच्या कातडीच्या रंगावर नेऊन ठेवायचं, आणि तेही खोट्या माहितीवर.

शब्दाचा खरा प्रवास

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे निर्णय याच्यावर उभे आहेत.

आपण साडी घेताना मरून कलर म्हणतो तो मरून फ्रेंच 'मारों' म्हणजे चेस्टनट या फळावरून आलाय, त्या फळाच्या लालसर तपकिरी सालीवरून. बेटावरच्या 'मरून'चा त्याच्याशी काही संबंध नाही. घोळ एवढ्यासाठी होतो की फ्रेंचमध्ये दोन्ही शब्दांचं स्पेलिंग सारखंच आहे, म्हणजे गैरसमज मराठीत आला नाही, तो युरोपातूनच तयार होऊन आलाय.

बेटावरचा शब्द आला स्पॅनिश 'सिमारोन'वरून. कोलंबसनंतर स्पॅनिश लोक हिस्पानिओला बेटावर (आज तिथे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक आहेत) गुरं घेऊन गेले, त्यातली काही गुरं डोंगरात पळाली आणि रानटी झाली, त्यांना सिमारोन म्हणायचे. मग तिथले मूळचे तैनो लोक स्पॅनिशांच्या जाचातून रानात पळायला लागले, त्यांना तोच शब्द लावला. आणि नंतर आफ्रिकेतून पकडून आणलेले लोक पळायला लागले तेव्हा त्यांनाही. साधारण १५३० च्या दशकाच्या शेवटापर्यंत हा शब्द मुख्यतः या आफ्रिकन लोकांसाठीच वापरात होता. मालकाच्या नजरेला गोठ्यातून सुटलेलं जनावर आणि गुलामीतून सुटलेला माणूस यांत फरक दिसत नव्हता, हे त्या शब्दातच लिहिलेलं आहे. वाचून वाईट वाटतं पण लपवायचं कशाला.

सिमारोनच्या आधीचं मूळ काय यावर दोन मतं आहेत. स्पॅनिश कोशात 'सिमा' म्हणजे शिखर, त्यावरून शिखराकडे पळालेला असं देतात. क्यूबात जन्मलेले अभ्यासक होसे हुआन आरोम यांनी १९८३ मध्ये मांडलं की हा शब्द तैनो भाषेतला आहे, धनुष्यातून सुटलेला, माणसाच्या ताब्यातून निघून गेलेला बाण अशा अर्थाचा. मला स्वतःला आरोम यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण शब्द पहिल्यांदा दिसतो तो त्या बेटांवरच.

इंग्रजांच्या कानावर हा शब्द लवकर पडला होता. फ्रान्सिस ड्रेक १५७२-७३ मध्ये पनामात स्पॅनिशांची चांदी लुटायला गेला तेव्हा त्याला वाट दाखवणारे, त्याच्या बरोबर लढणारे हेच सिमारोन लोक होते. पुढे फ्रेंचमधून 'मारों' होऊन सतराव्या शतकात इंग्रजीत 'मरून' स्थिरावला.

आणि मग अर्थ फिरला. विल्यम डॅम्पियर हा खलाशी आणि लेखक, त्याने रानात शिकारीला गेल्यावर सोबत्यांपासून चुकून हरवल्याबद्दल हा शब्द वापरलाय, म्हणजे रानात एकटा पडलेला. तिथून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चाच्यांच्या तोंडी तो झाला 'निर्जन बेटावर सोडून देणं'. म्हणजे बघा, सुरुवातीला जो स्वतःच्या पायांनी पळून गेला त्याचं हे नाव होतं, आणि दीड-दोनशे वर्षांत ते ज्याला दुसऱ्याने टाकून दिलं त्याचं क्रियापद झालं. करणारा बदलला. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहू शकतात, मराठीत वाक्य लिहायचं तर कुणी काय केलं हे सांगावंच लागतं.

आमच्यापुढचे पर्याय

ग्रुपवर मी त्या तहाच्या वाक्याचा स्क्रीनशॉट टाकला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. सर म्हणाले नियम एक शब्दाचा आहे, तर सरळ 'मरून' असाच शब्द सगळीकडे ठेवा, कंसात अर्थ द्या. पण ते वाक्य मराठीत लिहून बघितलं तर "मरून लोकांनी तह केला" असं होतं, आणि मराठी डोळा ते 'मेल्यावर तह केला' असंच वाचतो. एका ठिकाणी तर "अनेक जण मरून होते" असं येत होतं. हा पर्याय जसाच्या तसा चालणार नाही हे सरांनीही लगेच मान्य केलं.

मग चाच्यांच्या शिक्षेसाठी अस्सल मराठी शब्द शोधायला लागलो. ताईंनी आधी 'वाळीत टाकणं' सुचवलं. अर्थाच्या दृष्टीने जवळ, टोळीने एकाला बाहेर काढायचं. पण वाळीत टाकलेला माणूस गावातच राहतो, त्याच विहिरीसमोरून जातो, फक्त त्याच्याशी कुणी बोलत नाही, आणि महाराष्ट्रात जातपंचायतींच्या या प्रकाराविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार बंदी कायदा करावा लागला इतका तो शब्द आजही जिवंत जखम आहे. तो चाच्यांच्या गोष्टीत टाकला तर दोन्हींचा अर्थ पातळ होतो. काळं पाणी हाही शब्द आला, पण ती सरकारने दिलेली कैद, तिथे तुरुंग आहे, पहारेकरी आहे, जेवणाची थाळी आहे. ओसाड बेटावर यातलं काहीच नाही.

सगळ्यात मोह पडला तो 'तडीपार'चा. तड म्हणजे काठ, किनारा, त्यावरूनच आपण काम तडीस नेलं म्हणतो. तडीपार म्हणजे मुळात पलीकडच्या काठाला. इंग्रजीत 'स्ट्रँडेड' म्हणतात त्यातला स्ट्रँडसुद्धा किनाराच आहे, कोलकात्यात हुगळीच्या काठाने जाणारा स्ट्रँड रोड आहे ना, तोच स्ट्रँड. म्हणजे शब्दाच्या पोटात शिरलं तर जोडी अगदी जुळते. पण आजच्या पेपरात तडीपार म्हणजे पोलिसांनी दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढलेला गुंड, आणि बारा वर्षांच्या मुलाला तेच चित्र दिसणार. जुळणी कितीही सुंदर असली तरी सोडून द्यावी लागली. मला अजूनही हळहळ वाटते.

'रुतलेला', 'फसलेला' हेही सुचवले गेले. ताईंचं म्हणणं असं की त्यांच्याकडे सुकतीला होडी वाळूत बसते तेव्हा लोक 'बसली' एवढंच म्हणतात, भरती आली की ती आपोआप सुटते. ते होडीला ठीक, माणसाला नाही.

यातून एक गोष्ट पुढे आली की आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो. 'मरून्ड'ला मराठी शब्द कोणता हे विचारण्यापेक्षा या माणसाच्या बाबतीत नक्की झालं काय हे विचारायला हवं होतं. म्हणून पुढचा निर्णय घ्यायच्या आधी चारही प्रकरणं पुन्हा एकदम वाचायची असं ठरलं, तारीख पुढे ढकलून.

माणसागणिक क्रियापद

सेलकर्कपासून सुरुवात केली. तो सिंक पोर्ट्स जहाजावर होता, जहाज गळतंय, बुडणार, म्हणून त्याचं कप्तान स्ट्रॅडलिंगशी भांडण झालं आणि तो स्वतःच म्हणाला मला इथे उतरवा. कप्तानाने उतरवलं. होडी परत निघाली तेव्हा त्याचं मन फिरलं, त्याने हाका मारल्या असं सांगतात, पण कप्तान थांबला नाही. जहाज पुढे खरंच बुडालं. १७०९ च्या फेब्रुवारीत वुड्स रॉजर्सच्या जहाजांनी त्याला घेतलं, म्हणजे चार वर्षं आणि वर चार महिने. आता हा अडकलेला का? नंतर अडकला, पण सुरुवात त्याच्या हट्टाने झाली. तिथे आम्ही 'स्वतःहून उतरला आणि मागे राहिला' असं लिहिलं.

त्याच बेटावर त्याच्या आधी विल नावाचा मिस्कितो जमातीचा माणूस होता, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा. १६८१ मध्ये तो रानात बकऱ्यांच्या मागे गेलेला, तेवढ्यात स्पॅनिश जहाजं दिसली आणि त्याच्या साथीदारांना घाईने नांगर उचलावा लागला. १६८४ मध्ये परत आलेल्या जहाजावर डॅम्पियर होता, त्यानेच त्या भेटीचं वर्णन लिहून ठेवलंय. रॉबिन नावाचा दुसरा मिस्कितो माणूस सगळ्यात आधी किनाऱ्यावर उडी मारून धावत गेला आणि त्याच्यासमोर जमिनीवर पालथा पडला, विलने त्याला उठवून मिठी मारली आणि मग स्वतः तसाच पालथा पडला. विलने तोवर बंदुकीच्या नळीचे तुकडे तापवून, ठोकून भाल्याची पाती आणि गळ बनवले होते. या माणसाला कुणी टाकलं नव्हतं, तो स्वतःही राहिला नव्हता. मराठीत यासाठी शब्द तयार आहे, 'राहून गेला'. ताईंनी तो टाकला आणि सगळा परिच्छेद उजळला.

फर्नांव लोपेशवर मात्र आमचं सगळ्यात जास्त डोकं खर्ची पडलं. गोव्यात आदिलशाही सरदार रसूल खानाच्या बाजूला गेलेल्या पोर्तुगीजांपैकी हा एक. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर या लोकांना पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कच्या हवाली केलं गेलं, जीव घेणार नाही या अटीवर. अल्बुकर्कने जीव नाही घेतला, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. काही वर्षांनी लोपेश पोर्तुगालला परत जायला निघाला, वाटेत अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर जहाज पाण्यासाठी थांबलं आणि हा उतरून झाडीत लपला. लोकांनी शोधलं, सापडला नाही, मग त्याच्यासाठी खाणं आणि कपडे ठेवून जहाज गेलं. नंतर जहाजं यायची तेव्हा तो लपून बसायचा. मधे एकदा त्याला पोर्तुगालला नेलं, तिथून तो रोमला पोपलाही भेटून आला, आणि मागितलं काय तर परत त्याच बेटावर जायची परवानगी. तिथेच १५४५ च्या सुमारास वारला.

इंग्रजी पुस्तकात त्यालाही 'मरून्ड' म्हटलंय. सर म्हणाले मूळ लेखकाचा शब्द आपण का बदलायचा, आणि हा आक्षेप योग्यच होता, भाषांतरकाराने लेखकाला दुरुस्त करत बसू नये. माझं म्हणणं असं पडलं की आपण दुरुस्त करत नाही आहोत, शब्दाच्या जुन्या अर्थाने हा माणूस पक्का सिमारोन आहे, छळ करणाऱ्यांच्या हातून रानात निघून गेलेला. अडकलेला म्हटलं तर त्याने आयुष्यात स्वतः घेतलेला सगळ्यात मोठा निर्णय आपण पुसतो. शेवटी 'जहाज सोडून बेटावर राहिला' असं ठरलं आणि मूळ प्रकाशकाला ईमेलने कळवलं, त्यांची हरकत आली नाही.

चाच्यांचं सोपं होतं. जॉन फिलिप्स या चाच्याच्या जहाजावरचे नियम १७२४ मध्ये छापले गेलेत, त्यात आहे की कुणी पळायचा प्रयत्न केला किंवा टोळीपासून काही लपवलं तर त्याला बेटावर सोडायचं, सोबत एक बाटली दारू, एक बाटली पाणी, एक बंदूक आणि गोळ्या. ड्राफ्टमध्ये नुसतं 'दारू' होतं आणि चित्रकाराने रमची बाटली काढली होती, ती बंदुकीची दारू आहे. ते दुरुस्त केलं. क्रियापद ठेवलं 'बेटावर टाकून जाणं'. टाकून जाणं हे आपण बायकापोरांना टाकून गेलेल्या माणसाबद्दल म्हणतो, त्यातला निर्दयपणा इथे हवाच होता.

जमैकाचा निर्णय

राहिलं जमैका. तिथे इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पॅनिशांकडून बेट घेतलं, त्या धामधुमीत गुलाम डोंगरात निघून गेले, नंतर इंग्रजांच्या ऊसमळ्यांवरून पळालेले त्यांना मिळत गेले. पश्चिमेला कजो आणि पूर्वेला क्वाओ आणि नॅनी यांच्या गटांनी वर्षानुवर्षं लढून इंग्रजांना तहाला आणलं. इथे आधी ताईंनी 'सिमारोन' सुचवला, म्हणजे मरणाचा घोळ टळतो. दिसायला उत्तम. पण त्या लोकांचे वंशज आज अॅकॉम्पाँगला, मूर टाउनला राहतात आणि स्वतःला मरून म्हणवतात, अभिमानाने. मूर टाउनच्या परंपरेची युनेस्कोने नोंद घेतलीये ती त्याच नावाने. लोकांनी जे नाव स्वतःचं म्हणून घेतलंय ते आपल्या वाचायच्या सोयीसाठी बदलायचं हे मला मान्य नव्हतं. मधला मार्ग असा निघाला की 'मरून' हा शब्द कधीही एकटा टाकायचा नाही, कायम 'मरून समाज', 'मरून योद्धे', 'मरून वस्ती' असं, आणि पहिल्या उल्लेखाला अवतरणात. वाक्याच्या शेवटी तर अजिबात आणायचा नाही. तहाचं वाक्य आता असं झालं: "अखेर १७३९ मध्ये इंग्रजांना डोंगरातल्या मरून समाजाशी तह करावा लागला." 'केला' चं 'करावा लागला' हे ताईंनी केलं आणि माझ्या मते पूर्ण पुस्तकातली ती सगळ्यात चांगली दुरुस्ती आहे.

तहाची एक अट अवघड होती. मरून समाजाने पुढे पळून येणाऱ्या गुलामांना परत द्यायचं, असं त्यात होतं. मुलांच्या पुस्तकात हे गाळावं का यावर थोडं बोलणं झालं, मी आणि ताई दोघीही ठेवावं या मताच्या होतो, सरही तयार झाले. नायकांना स्वच्छ करून दाखवलं तर मुलांना इतिहास कळत नाही, आणि त्या अटीमागे इंग्रजांचा डाव होता तोही कळत नाही. त्याच इंग्रजांनी १७९६ मध्ये ट्रेलॉनी टाउनच्या मरून लोकांना, पाचशेहून जास्त माणसं, थेट कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या थंडीत नेऊन टाकलं आणि तिथून १८०० मध्ये ती सिएरा लिओनला गेली, हेही मग ठेवता आलं.

एक भर आमची स्वतःची. उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ भागात घाटातल्या जंगलांत आफ्रिकन वंशाचा सिद्दी समाज राहतो, कोकणी बोलतो, त्यांच्या पूर्वजांपैकी बरेच जण गोव्यातल्या पोर्तुगीज मालकांकडून पळून तिथे गेले असं मानलं जातं. तिथल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मराठी वाचकाला सिद्दी म्हटलं की जंजिराच आठवतो, हे सिद्दी वेगळे. पळून रानात स्वतःचं जगणं उभं करणं हे आपल्या घाटातही झालंय हे मुलांना कळावं म्हणून चौकटीत चार ओळी घातल्या. त्यांना 'आपले मरून' म्हणायचं मात्र टाळलं, ते स्वतः तसं म्हणत नाहीत.

निकाल

छपाईला साधारण महिनाभर उशीर झाला आणि प्रकाशन नाराज झालं. चित्र पूर्ण नवीन काढावं लागलं, चित्रकाराने त्याचे वेगळे पैसे मागितले आणि ते त्याला मिळाले, जे बरोबरच होतं. नवीन चित्रात धुक्यातला डोंगर आहे आणि खडकावर उभी बाई अबेंग फुंकतेय. अबेंग म्हणजे गुराच्या शिंगाचं वाद्य, फुंकायचं भोक बाजूला असतं, टोकाच्या भोकावर अंगठा ठेवून आवाज बदलतात, आणि त्याच्यावरून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर निरोप जायचे. चित्रकाराने अंगठा बरोबर जागी दाखवलाय.

उगमाच्या चौकटीतून रंगाची गोष्ट गेली. आरोम यांचा बाण मात्र जागेअभावी दोन ओळींत आला, मला तो पानभर हवा होता. आणि एक गोष्ट हातातून निसटली, मागच्या कव्हरवरचा मजकूर आधीच छापून झाला होता, त्यावर 'बेटांवर अडकलेल्या धाडसी माणसांच्या कथा' असंच आहे. जमैकाचं प्रकरणही त्यात धरलं जातं.

ताईंनी नंतर हे प्रकरण सातवीच्या मुलांना वाचून दाखवलं. पहिला प्रश्न नॅनीबद्दल आला, ती खरी होती का. खरी, आणि जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आलं, हे सांगितल्यावर एका मुलीने वहीत काढलेली नोट त्यांनी ग्रुपवर टाकली होती.

पुन्हा करायचं झालं तर

एक शब्दाला एक शब्द हा नियम पाककृतीच्या पुस्तकाला ठीक आहे, इतिहासाला नाही. प्रकाशनांनी शब्दसूची जरूर करावी पण तिच्यात शब्दासमोर शब्द लिहिण्याऐवजी 'कुणी केलं' असा एक रकाना ठेवावा. आम्ही तो चौथ्या प्रकरणानंतर केला, पहिल्याच्या आधी केला असता तर चित्राचे पैसे आणि उशीर दोन्ही वाचलं असतं.

पुस्तक पूर्ण हातात आल्याशिवाय मुख्य शब्द पक्के करू नयेत. तुकड्यातुकड्याने काम दिल्यामुळे ताईंना जमैका दिसलाच नव्हता, आणि हा कामाच्या पद्धतीचा दोष आहे. चित्रकारालाही ड्राफ्टबरोबर त्या जागेचे दोन फोटो दिले असते तर त्याने माड काढलाच नसता.

शब्दाचा उगम शोधताना जे उत्तर पटकन पटतं, रंगावरून, दिसण्यावरून, ते आधी दोन चांगल्या कोशांत पडताळावं. आणि कव्हरचा मजकूर सगळ्यात शेवटी जावा, तो जो लिहितो त्याने पुस्तक वाचलेलं असावं.

'सिमारोन' की 'मरून समाज' यावर ताईंचं मत अजून बदललेलं नाही. त्या म्हणतात मोठ्याने वाचताना अवतरण चिन्ह ऐकू येत नाही, वर्गात दरवेळी थांबून सांगावं लागतं. हा मुद्दा माझ्याकडे सुटलेला नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी आम्ही 'मरूनी' हे रूप करून बघतोय, जसं जमैकाचा जमैकी, आणि त्याचा एक परिच्छेद ताई पुढच्या टर्मला वर्गात वाचून बघणार आहेत. कव्हरचा मजकूर त्याच वेळी बदलायचं सरांनी कबूल केलंय.